आगरातले मीठ आणि आपले आरोग्य

वाचकहो, गेल्या आठवड्यात आपण उच्च रक्तदाबाची माहिती घेतली. त्या लेखात ‘मीठ कमी करा’ असे एक वाक्य मी लिहिले होते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक आजोबा होते. आज त्यांचीच हकीकत सांगतो. कारण त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो.

माघ महिना संपत आला होता. खाडीकाठच्या गावातले हे आजोबा सुनेला घेऊन दवाखान्यात आले. वय सत्तरीच्या आसपास. सारा जन्म मिठागरात गेलेला. येताना त्यांनी माझ्यासाठी पिशवीभर खडे मीठ आणले होते. “यंदाचं पहिलं मीठ आहे, डॉक्टर,” असे म्हणून त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मी त्यांचा रक्तदाब मोजला. तो १७०/१०० भरला. गोळ्या चालू होत्या, तरीही एवढा!

“आजोबा, मीठ कमी करायला सांगितलं होतं ना?” मी विचारले.

“केलं की. दुकानातलं पाकिटाचं मीठ पार बंद केलं. आता आपल्या आगराचंच खातो. हे सूर्यानं शिजवलेलं मीठ. यानं बीपी कसं वाढेल?”

सून बाजूला उभी होती. चौथा महिना चालू होता. बोलताना ती आवंढा गिळत असताना माझे लक्ष तिच्या गळ्याकडे गेले. गळ्याच्या पुढच्या बाजूस थोडी सूज दिसत होती आणि आवंढ्याबरोबर ती वरखाली होत होती. “तुम्हीही हेच मीठ खाता का?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “घरात तेच आहे. मामंजींनी पाकीट आणायचं बंद केलंय.”

एकाच घरात एकाच मिठाशी निगडित असे दोन प्रश्न माझ्यासमोर होते. आजोबांना मी दोन शब्द सांगितले खरे, पण ते त्यांना पटले नाहीत. साहजिकच आहे. ज्याने पन्नास वर्षे मीठ पिकवले त्याला मी पुस्तकातले मीठ शिकवत होतो. शेवटी ते म्हणाले, “डॉक्टर, एकदा आगरावर या. मग बोला.” फाल्गुनात एका रविवारी पहाटे मी गेलो.

मीठ पिकते कसे?

मीठ ‘बनवतात’ असे आगरात कोणी म्हणत नाही, मीठ ‘पिकते’ असे म्हणतात. भातशेतीसारखाच याचाही हंगाम असतो. पावसाळा संपला की बांधबंदिस्तीची कामे निघतात. पावसाच्या पाण्याने सैल झालेली वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून, चोपून घट्ट करतात, म्हणजे खारे पाणी जिरत नाही आणि मिठात माती कमी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी उघाडीतून आत घेऊन पहिल्या मोठ्या कप्प्यात साठवतात. तेथे गाळ खाली बसतो. मग ते पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात असे हळूहळू पुढे सोडत नेतात. ऊन आणि वारा पाणी आटवत राहतात आणि प्रत्येक कप्प्यात ते अधिकाधिक खारे होत जाते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम हे आपले नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड असते. बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार. गंमत अशी की हे सगळे एकदम खाली बसत नाहीत. पाणी आटत असता प्रथम चुना बसतो, नंतर जिप्सम. पाण्याचा खारेपणा मोजण्याच्या काट्यावर समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश दाखवते. ते २५ अंशांच्या आसपास आले की मिठाचे खडे धरू लागतात. २९-३० अंशांच्या पुढे गेले की मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात येऊ लागतात. म्हणून त्याआधीच उरलेले कडू पाणी काढून टाकावे लागते.

आजोबांकडे काटा नव्हता. त्यांनी वाफ्यातले पाणी बोटाला लावून चाखले, पाण्यावर धरलेली पातळ पापडी फुंकरीने हलवून पाहिली आणि म्हणाले, “उद्या सकाळी ओढायचं.” शेजारच्या वाफ्यात लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढण्याचे काम चालू होते. ओढलेले मीठ बांधावर ढीग करून निथळत ठेवतात. त्यातून कडू पाणी झिरपून जाते. जुने, निथळलेले मीठ चवीला चांगले लागते आणि कमी पाझरते त्याचे कारण हेच. मॅग्नेशियमचा क्षार हवेतले पाणी ओढून घेतो. तो निघून गेला की मीठ कोरडे राहते.

पेण, उरण, वसई, भाईंदर, वडाळा, भांडुप, खाली शिरोडे आणि गोव्यात पेडणे तालुका अशा साऱ्या किनाऱ्यावर ही आगरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांतील पुष्कळ आता बंद पडली आहेत. आगरात राबणारा तो आगरी, असे त्या समाजाच्या नावाचे मूळ सांगतात. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात दांडीबरोबर आपले वडाळा आणि शिरोडे ही नावेही देशभर गाजली. तेव्हा आजोबांचा अभिमान पोकळ नव्हता. पण अभिमान वेगळा आणि रक्तदाब वेगळा.

आगराचे मीठ रक्तदाबाला चालते का?

याचे उत्तर स्पष्ट आहे. नाही. रक्तदाब वाढवतो तो मिठातला सोडियम. खडे मीठ असो, पाकिटातले बारीक मीठ असो, सैंधव असो की काळे मीठ, सगळ्यांचा मुख्य भाग सोडियम क्लोराईडच आहे. आगराच्या मिठात इतर क्षार अल्प प्रमाणात असतात हे खरे. पण ते इतके थोडे की त्यांच्यासाठी मीठ खाणे म्हणजे घोटभर पाण्यासाठी विहीर उपसण्यासारखे आहे. ते क्षार आपल्याला पालेभाजी, कडधान्ये, नाचणी, केळी यांतून कितीतरी अधिक मिळतात.

खडे मिठाबद्दल एक अनुभव मात्र खरा आहे. एक चमचा खडे मीठ वजनाला एक चमचा बारीक मिठापेक्षा कमी भरते, कारण खड्यांच्या मध्ये पोकळी राहते. त्यामुळे ‘हे मीठ सौम्य आहे’ असे वाटते. पण गृहिणी चमचा मोजून थांबत नाही, ती चव लागेपर्यंत मीठ घालते. परिणामी पोटात जायचे तेवढे जातेच.

मग मीठ किती खावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही सगळे पदार्थ धरून. घरी याचा हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे १ किलो मीठ ५० दिवस पुरले पाहिजे. आपल्या घरी किलोभर मीठ किती दिवसांत संपते, हे आज पाकिटावर तारीख लिहून पाहा. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे, पाव आणि सुकी मासळी यांतून बाहेरचे मीठ येते ते वेगळेच!

आजोबांच्या ताटाची मी चौकशी केली. सकाळी भाकरीबरोबर सुके बोंबील, दुपारी आमटी-भात आणि लोणचे, रात्री पुन्हा सुकट. वर ताटात मिठाचा ढीग. ‘पाकिटाचे मीठ बंद’ केल्याने काय फरक पडणार होता?

गळ्याची सूज आणि आयोडीन

आता सुनेच्या गळ्याकडे वळू. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीराची वाढ, उष्णता, मेंदूचा विकास या साऱ्यांवर तिच्या रसाचे नियंत्रण असते. हा रस तयार करण्यास आयोडीन लागते. ते कमी पडले की ग्रंथी अधिक काम करू पाहते आणि सुजते. यालाच गलगंड म्हणतात.

गलगंड दिसतो म्हणून लोक त्याला घाबरतात. खरे नुकसान दिसत नाही ते असते. गरोदरपणी आईला आयोडीनची तीव्र कमतरता असेल तर गर्भपात, मृत मूल जन्मणे, मुलाची बुद्धी खुंटणे, बहिरेपणा असे परिणाम संभवतात. कमतरता सौम्य असली तरी मुलाची शिकण्याची क्षमता कमी राहू शकते. मेंदूची ही हानी नंतर कितीही औषध दिले तरी भरून येत नाही. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या आईला २५० मायक्रोग्रॅम लागते. सुईच्या टोकावर मावेल एवढीच ही मात्रा, पण ती रोज हवी.

“पण डॉक्टर, समुद्रात आयोडीन असतं असं शाळेत शिकवतात. मग समुद्राच्या मिठात ते असणारच,” हे आजोबांचे म्हणणे. गैरसमज होण्यासारखीच गोष्ट आहे ही. बांधावर बसून आम्ही दोघांनी हिशेब केला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात आयोडीन असते सुमारे ५० ते ६० मायक्रोग्रॅम. त्या पाण्यातून मीठ निघते सुमारे २७ ग्रॅम. समजा, सगळे आयोडीन मिठातच उतरले, तरी एका ग्रॅमला फार तर दोनेक मायक्रोग्रॅम आले. दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून मिळाले १०-११ मायक्रोग्रॅम. हवे आहे १५०! आणि प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही. आयोडीन बहुतेक करून शेवटच्या कडू पाण्यात राहते आणि ते पाणी तर आगरकरी टाकून देतात.

मग समुद्रकाठच्या माणसाला आयोडीन मिळते कोठून? मासळीतून, अंड्यातून, दुधातून. ताजी मासळी रोज खाणाऱ्याला त्याचा आधार होतो. पण उपासतापास, मासेमारी बंदीचे दिवस, महागाई आणि गरोदरपणातली मळमळ धरली तर तो भरवसा पुरेसा नाही. आयोडीनची कमतरता फक्त डोंगराळ भागातच असते ही जुनी समजूत आहे. देशातील कोणतेही राज्य यातून मुक्त नाही, किनारपट्टीची राज्येसुद्धा नाहीत, असे पाहण्यांतून दिसून आले आहे.

यावरचा उपाय आपल्याच देशात सिद्ध झाला. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरवून पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर पुढे देशभर बंदी आली. २००० साली केंद्राने ती उठवली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू केली. आजही खाण्याचे मीठ म्हणून विकायचे तर ते आयोडीनयुक्तच असावे लागते. ग्राहकाच्या हाती पडताना एका ग्रॅम मिठात किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे.

येथे काही चौकस वाचक विचारतील, मीठ कमी केले तर आयोडीनही कमी होणार नाही का? प्रश्न बरोबर आहे. ५ ग्रॅम मिठातून किमान ७५ मायक्रोग्रॅम येते, उरलेले दूध, दही, अंडी, मासळी यांतून यावे लागते. म्हणूनच जो मीठ कमी खातो, त्याचे मीठ तर आयोडीनयुक्तच हवे. आयोडीन मिळावे म्हणून मीठ वाढवणे मात्र कधीही योग्य नाही. गरोदर स्त्रियांनी याबाबत डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मीठ घेताना आणि ठेवताना

पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले आणि हसऱ्या सूर्याचे चिन्ह आहे का, ते पाहावे. खडे मीठच आवडत असेल तर आयोडीनयुक्त खडे मीठही मिळते. सैंधव घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण ते पुष्कळदा आयोडीनविरहित असते. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, ऊन आणि चुलीची धग यांपासून दूर ठेवावे. उघड्या वाडग्यात ओलसर झालेल्या मिठातले आयोडीन कमी होत जाते. भाजी-आमटीत मीठ शक्यतो शेवटी घालावे. मिठात आयोडीन आहे की नाही हे तपासण्याचा छोटा संच असतो. त्यातला थेंब टाकताच आयोडीन असलेले मीठ जांभळट-निळे होते. आपल्या गावच्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात याची चौकशी करावी.

कमी सोडियमचे, पोटॅशियम घातलेले मीठही आता बाजारात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत प्रौढांसाठी त्याचा पर्याय सुचवला आहे. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. गरोदर स्त्रियांसाठीही ही शिफारस नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मीठ पिकवणाऱ्यांसाठी

त्या सकाळी दोन तास मी वाफ्यांच्या कडेने हिंडलो. पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने माझे डोळे चुरचुरू लागले. तेथील माणसे महिनोन्‌महिने तेच ऊन झेलतात. राजस्थानातील मीठ कामगारांची जोधपूरच्या संशोधकांनी केलेली पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत डोळ्यांचे, त्वचेचे विकार, डोकेदुखी, चक्कर आणि सांधे-स्नायूंचे दुखणे या तक्रारी आढळल्या होत्या. आपल्याकडच्या कामगारांच्या पायांच्या भेगा आणि चिरा मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

त्यांनी एवढे तरी करावे. काम संपताच हातपाय गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि खोबरेल तेल लावावे. शक्य तेथे रबरी बूट वापरावेत. जखम असेल तर खाऱ्या पाण्यात उतरू नये. मधुमेह असणाऱ्याने अनवाणी कधीच उतरू नये, कारण त्याला जखम झालेली कळत नाही. काळा चष्मा आणि रुंद काठाची टोपी वापरावी. काम पहाटे आणि दुपार उतरल्यावर करावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. घाम जातो म्हणून वरून मीठ खाण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते. आपल्या जेवणात ते पुरेसे असते. रक्तदाबाच्या रुग्णाने तर तसे मुळीच करू नये.

आजोबांचे पुढे काय झाले?

निघताना आजोबा जरा हिरमुसले होते. “म्हणजे आमचं मीठ वाईटच म्हणायचं?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “वाईट नाही, आजोबा, अपुरं आहे. तुमच्या मिठात तुमचे कष्ट आहेत, पण आयोडीन नाही. ते वरून घालावं लागतं.” आयोडीनयुक्त मीठ म्हणजे काही निराळी वस्तू नव्हे. याच मिठावर पोटॅशियम आयोडेटचे पाणी मोजून फवारले की झाले. आगरवाल्यांनी एकत्र येऊन अशी सोय उभी केली, तर आगराचे खडे मीठही उजळ माथ्याने स्वयंपाकघरात येऊ शकेल. हे त्यांना पटले. माझ्या औषधाच्या चिठ्ठीपेक्षा ते अधिक पटले असे मला वाटते.

सुनेची रक्ततपासणी केली. थायरॉईडचे काम कमी पडत होते. तिला वेळीच औषध सुरू झाले. हे केवळ मिठामुळेच झाले असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही, थायरॉईडच्या विकारांना इतरही कारणे असतात. पण गरोदरपणात त्या घरातून आयोडीनचा एक आधार काढून घेतला गेला होता, हे नक्की. दिवस भरल्यावर ती सुखरूप बाळंत झाली. आजोबांच्या घरात आता आयोडीनयुक्त मिठाची बरणी आहे. ताटातला मिठाचा ढीग गेला, सुकी मासळी आठवड्यातून एकदा, तीही भिजवून, पाणी टाकून. गोळ्या नियमित झाल्या. मागच्या खेपेस रक्तदाब १३८/८४ होता. आगराचे मीठ ते आता माडांच्या मुळाशी घालतात.

माझ्याकडे आलेली ती पिशवीही आमच्या परसातल्या माडालाच गेली. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणतात. मी ते मीठ खाल्ले नाही, पण त्या मिठाने मला जे शिकवले त्याला जागून हा लेख लिहिला आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. कोणतेही मीठ रक्तदाबाला सारखेच. प्रकार बदलून उपयोग नाही, प्रमाण कमी करा.

२. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत. चौघांना १ किलो मीठ ५० दिवस तरी पुरावे.

३. समुद्राच्या मिठात पुरेसे आयोडीन नसते. स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच मीठ वापरा.

४. घरात गरोदर स्त्री असेल तर याबाबत हयगय नको. गळ्याला सूज दिसल्यास ताबडतोब तपासून घ्या.

५. ताटात वरून मीठ वाढून घेण्याची सवय आजच सोडा.

पुढील आठवड्यात : उन्हाळा आणि लहान मुलांचे जुलाब.